वाट नसलेला नकाशा

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो चुलतभावाच्या शिक्षणासाठी, आणि त्याच्यावर शिक्षण सोडून बाकी सगळं झालं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बोरी बुद्रुकला आमचं राहतं घर गावठाणात होतं, आणि थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, मळ्यात रस्त्याच्या कडेला स्लॅबचं नवं घर बांधलं होतं. कॉम्प्युटर त्यांच्याकडे. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला, पिवळा पडलेला. पुढच्या खोलीत कांद्याच्या रिकाम्या गोण्यांशेजारी त्याला टेबल मिळालं, आणि मोठ्या आईनं, म्हणजे चुलतीनं, त्याच्यावर स्वतः विणलेला रुमाल घातला. चुलतभावाला आम्ही सगळेच भाऊ म्हणायचो. तो नारायणगावला क्लासला जायचा आणि येताना मित्राकडून सीडी आणायचा.

त्यातल्या एका सीडीत जुना जपान होता. सरदार एकमेकांच्या उरावर बसलेले, आणि त्यातलाच एक सरदार आम्ही. लढाया वेगळ्या व्हायच्या, पण लढाईत आमच्या घरातल्या कुणाला फारसा रस नव्हता. आमचा जीव अडकला नकाशात. तो अगदी साधा होता. पिवळसर कागदासारखी जमीन, तिचे जाड रेघांनी पाडलेले तुकडे, आणि ज्या त्या तुकड्याला ज्याच्या त्याच्या मालकाचा रंग. सैन्य म्हणजे एक बाहुली. ती उचलायची आणि शेजारच्या तुकड्यात ठेवायची. सगळ्या बाहुल्या ठेवून झाल्या की बटन दाबायचं, मग हंगाम पुढं सरकायचा. जोवर बटन दाबत नाही तोवर शत्रूही गप्प बसून राहायचा. दुपारी लाईट असेल तर आम्ही एकेका हंगामावर तासभर बोलायचो.

आम्ही म्हणजे मी, भाऊ, आणि मागच्या कॉटवर बसलेले दोन उंटावरचे शहाणे. एक नाना आणि दुसरे माझे वडील, अण्णा. जेवण करून दोघं पानाचा डबा घेऊन बसायचे. माउस भाऊच्या हातात, पण बटन दाबायचा मान नानांचा. ते पुढं वाकून एका बोटानं दाबायचे आणि दाबल्यावर बोट धोतराला पुसायचे, का ते देव जाणे.

ती जपानी नावं कुणाच्याच जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही नावं बदलली. ज्या प्रांतात चांगले घोडे मिळायचे ते बेल्हे, कारण जनावरांचा बाजार म्हटल्यावर दुसरं कुठलं नाव येणार? डोंगरातलं एक टोक जुन्नर. आणि आमच्या उजव्या अंगाला एक शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा तुकडा होता, त्याला अण्णांनी निरगुडसर नाव दिलं. निरगुडसरला आमची आत्या दिलेली. नाव देताना हे पुढं आमच्याच अंगावर येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

आम्ही त्या गेममध्ये वारंवार हरायचो, आणि हरायची कारणं आमची आमचीच होती. पहिलं म्हणजे बांध. आमच्याकडे शेजारी नांगरताना दरसाल नांगराच्या एका रेघेएवढा बांध कोरतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे अण्णांचा हुकूम असा, की प्रत्येक हद्दीवर एक बाहुली उभी पाहिजेच. भाऊ डोकं धरायचा. तो सांगायचा की इथं बांध कोरता येत नाही, प्रांत घेतला तर अख्खा, नाहीतर काहीच नाही. अण्णा म्हणायचे, "तुला ठावं न्हाई. ज्या बांधावर माणूस न्हाई ते रान गेलं म्हणून समज." सगळं सैन्य बांधावर, आणि राजधानीत चिटपाखरू नाही, अशी आमची शिस्त.

दुसरं कारण निरगुडसर. एकदा तिथं सैन्य उरलं नव्हतं आणि भाऊ म्हणाला, घेऊन टाकू.

"आक्काच्या गावावर चालून जायचं?" अण्णा ताडकन म्हणाले. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"अण्णा, ते निरगुडसर न्हाई. जपान हाय ते."

"नाव ठेवलंय ना?" नाना म्हणाले. "मंग सोयऱ्याचं गाव झालं. बाकीचं घे काय घ्यायचं ते."

आम्ही किती तरी हंगाम निरगुडसर सोडून बाकी सगळीकडे लढत राहिलो. शेवटी पलीकडच्या एका सरदारानं ते अलगद घेतलं आणि तिथूनच आमच्यावर असा कोसळला, की दोन-तीन हंगामांत आमचा रंग नकाशावरून पुसला गेला. अण्णा आणि नाना हसून हसून लाल झाले. भाऊबीजेला दोघं आत्याकडे गेले तेव्हा तिला ही हकिकत सांगितली. तिला त्यातलं फारसं काही कळलं नाही. ती म्हणाली, "माझ्याकडनं फौज गेली व्हय? जेवून तरी गेली का?"

हे मी इतकं सांगतोय कारण पुढं ह्या प्रकारच्या गेमबद्दल मी बरंच वाचलं, आणि सगळीकडे एकच सूर दिसला. जुना नकाशा म्हणजे बाळबोध, सोंगट्यांचा पट, आणि नंतर झाली ती प्रगती. प्रगती हा शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं. त्या पटावर रिकामी जागा होती. तिथं बेल्हे बसायचं, आत्या बसायची, बांध बसायचा. आणि पटाभोवती चार माणसं बसायची.

त्याच काळात आमची वाटणी झाली. भांडणं काही नव्हती, आजोबा गेल्यावर रीतीप्रमाणे झाली. रस्त्याकडचं रान नानांना आणि मागचं, ओढ्यापर्यंतचं, अण्णांना. आमच्या रानात जायची बैलगाडीची वाट नानांच्या रानातून, त्यांच्या घराला वळसा घालून जायची. ती तशीच राहील असं ठरलं, तेही बोलण्यात. सख्ख्या भावांत कागद कशाला, असं पंच म्हणाले आणि दोघांनीही मान डोलावली. अण्णा रोज त्या वाटेनं रानात जायचे. जाताना नानांच्या ओट्यावर टेकायचे, चहा घ्यायचे, मग पुढं.

मग नवा गेम आला. भाऊनं आता नवा कॉम्प्युटर घेतला होता. ह्या खेपेला रोमन लोक. गेम सुरू झाला आणि आम्ही सगळे पुढं वाकलो. नकाशा राहिलाच नव्हता, प्रत्यक्ष जमीनच समोर होती. डोंगरांवर बर्फ, झाडी, समुद्राच्या लाटा. नदी हवी तिथून ओलांडता येत नव्हती, पूल किंवा पाण्याचा उथळ उतार शोधावा लागायचा. सैन्य उचलून ठेवायचं नाही, ते चालायचं. या हंगामात ते कुठवर पोचेल तेवढी जमीन हिरवी दिसायची. रस्ते बांधले तर ती हिरवळ आणखी लांब जायची.

नानांना पहिल्या दिवशी लई आवडलं. दोन डोंगरांमधली खिंड दिसली तेव्हा ते उठूनच उभे राहिले. "आरं, हे तर नाणेघाटच की! हितं बस जाऊन, कोण वर येतंय बघू." आम्ही खिंडीत बसलो आणि खरंच कुणी येऊ शकलं नाही. जुन्या पटावर हे जमलं नसतं, हे मी नाकारत नाही.

पण नावं बसेनात. अण्णा विचारायचे, हे बेल्हे का? भाऊ सांगायचा, "न्हाई अण्णा, खाली लिहिलंय की. हे येगळं शहर हाय." प्रत्येक शहराला स्वतःचा तट, स्वतःचं देऊळ, स्वतःचा रंग होता. आमच्यासाठी काही शिल्लक ठेवलंच नव्हतं. त्यात भाऊ माउसनं जमीन गरागरा फिरवायचा, जवळ आणायचा, लांब न्यायचा. अण्णांना गरगरायला लागायचं. पूर्वी सगळा देश एका नजरेत दिसायचा, त्यामुळे मागून बोट दाखवून सांगता यायचं. आता भाऊ बघेल तेवढंच आम्हाला दिसायचं. हळूहळू कॉटवरून सल्ले यायचे बंद झाले. दोघं नुसते बघायचे, मग नानांना डुलकी लागायची.

एका दुपारी मात्र दोघं जागे होते. आमचा एक मित्रराजा होता, त्याचं सैन्य आमच्या मुलखातून पलीकडे निघालं होतं. जुन्या पटावर असं दिसायचंच नाही. इथं ते पाऊल पाऊल चालताना दिसत होतं, आमच्या शेतांच्या मधून.

"हे कोण आपल्या रानातनं चाललंय?" नानांनी विचारलं.

भाऊ म्हणाला, "आपलेच हायेत. दोस्ती हाय त्यांच्याशी. पण वाट मागितली न्हाई त्यांनी. मागायची पद्धत हाय ह्याच्यात, वकील पाठवायचा असतो."

"मंग अडव. मागू दे की त्याला."

अण्णा हसले. "दोस्ताला कशाला मागायला लावायचं?"

"का न्हाई? रान त्याचं हाय का? जायला ना न्हाई. पण इचारावं. इचारल्यानं काय जीभ झडती का?"

"आन् सख्खा भाऊ असला, तरी मागायची?"

तोवर मला वाटत होतं की दोघं गेमबद्दलच बोलतायत. नानांना त्या साली द्राक्षबाग लावायची होती आणि वाट बरोबर मधून जात होती. ती बांधाच्या कडेला सरकवावी असं त्यांच्या मनात होतं. अण्णांच्या कानावर ते दुसऱ्याकडून आलं होतं, म्हणून ते आतून धुमसत होते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढंच दिसलं, की नाना म्हणाले, "सख्ख्यानं तर आधी मागायची," आणि अण्णा उठून चपला घालून निघून गेले. पानाचा डबा कॉटवरच राहिला. मोठ्या आईनं तो संध्याकाळी एका पोराच्या हाती आमच्याकडे धाडला.

त्यानंतर आठवडाभरात नानांनी वाटेवर दोन खांब रोवले आणि काटेरी तार ओढली.

अण्णा काहीच बोलले नाहीत. मोडेन पण वाकणार नाही, ही आमच्या घराण्याची जात. दुसऱ्या दिवसापासून ते कालव्याच्या कडेनं, लांबचा फेरा घालून रानात जायला लागले. टोमॅटो त्या फेऱ्यानं बाहेर काढायचे म्हणजे क्रेट डोक्यावर वाहून कालव्यावर आणायचे आणि तिथं टेम्पोत भरायचे. आई म्हणायची, एकदा जाऊन बोला ना. अण्णा म्हणायचे, "त्यो थोरला हाय. त्यानं बोलवावं." नाना म्हणत असत, "धाकट्यानं यावं." हे आम्हाला भाऊकडून कळायचं. दोघांचं एकमेकांशी बोलणं तुटलं असंही नव्हतं. लग्नाकार्यात शेजारी बसायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे. अण्णा तर ताकाला जाऊन भांडं लपवण्यात पटाईत. नानांच्या द्राक्षांची चौकशी करायचे, तारेचं नाव काढायचे नाहीत. दुपारचं बसणं मात्र संपलं. मी आणि भाऊ काही दिवस खेळलो, पण मागची कॉट रिकामी असायची आणि आम्हाला करमायचं नाही. मग तो पुण्याला नोकरीला लागला आणि मी चाकणला.

चाकणच्या खोलीवर मी एकटाच खेळायचो. नव्या शतकाचं पहिलं दशक संपता संपता पुढचा गेम आला आणि नकाशा जगाएवढा झाला. पूर्वी प्रांत म्हणजे एक तुकडा होता. आता शहर वेगळं, त्याच्या बाहेरची गावं वेगळी, गिरणी वेगळी, शाळा वेगळी, बंदर वेगळं. शत्रू येऊन नुसती तुमची गिरणी धरून बसायचा. रस्त्यांवरून मालाच्या छोट्या गाड्या आपोआप चालत राहायच्या. बघायला इतकं होतं की डोळे दिपायचे. मी तासन्‌तास बघायचो आणि कुणाशी एक शब्द बोलायचो नाही. मला ते आवडायचं हे खोटं नाही. आणि बंद केल्यावर रिकामं वाटायचं, हेही खरं.

एका दिवाळीला मी लॅपटॉप घरी नेला. अण्णांचे गुडघे गेले होते, तरी कालव्यावरून फेरा चालूच होता. सकाळच्या फराळानंतर मी सहज त्यांना तो नकाशा दाखवला. डोंगर, जहाजं, किल्ले, सगळं फिरवून दाखवलं. ते हूं हूं करत होते. मग एका रस्त्यावर त्यांनी बोट ठेवलं. तिथं एक गाडी चालली होती.

"ही कुठं निघाली?"

"माल घेऊन दुसऱ्या राज्यात."

"तिकडचं रान दुसऱ्याचं ना? तिला कोण अडवत न्हाई?"

"करार झालाय दोघांत."

"करार कसा व्हतो?"

"एकानं पहिल्यांदा विचारायचं असतं," मी म्हणालो. "बऱ्याचदा समोरचा हो म्हणतो."

ते गाडीकडे बघत राहिले. गाडी हद्दीची रेघ ओलांडून पलीकडे गेली. मग त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल. नानाकडं जाऊन येऊ." मला इतका आनंद झाला की मी लॅपटॉप तसाच उघडा टाकून निघालो.

नाना ओट्यावर बसले होते. खूप वाळले होते. आम्हाला बघून मोठ्या आईनं लगबगीनं चटई टाकली, चहा ठेवला, फराळाची ताटली आणली. अण्णा बसले. चहा आला तरी विषय निघेना. शेवटी त्यांनी कप खाली ठेवला आणि नानांकडे न बघता म्हणाले, "दादा, वाट मागायला आलोय."

आयुष्यात मी अण्णांना कुणाकडे काही मागताना पहिल्यांदाच ऐकत होतो. मला वाटलं, झालं, सुटलं सगळं. नानांनी मोठ्या आईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

"आता कसं देऊ?" नाना म्हणाले. "वाटेची पट्टी गेली रं ती. पुण्याच्या पार्टीला दिली. भाऊला तिकडं घर घ्यायचं व्हतं. दसऱ्यालाच कागद झाले. भिंत घालणार हायेत ते सगळीकडनं."

अण्णांना हे कुणी सांगितलं नव्हतं. व्यवहार पुण्यात झाला होता आणि गावात त्याची कुणकुण नव्हती. ते म्हणाले, "मला इचारायचं तरी."

"तू तरी कवा काय इचारलंस?"

दोघांचाही आवाज चढला नव्हता. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग नाना हळू म्हणाले, "मी तार वढली ती तुला अडवायला न्हाई. म्हटलं, तू तणतणत येशील. भांडशील, शिव्या घालशील. आन् मंग बसशील हितं ओट्यावर, पैल्यासारखा. तर तू दुसऱ्या दिवशी गुमान कालव्यानं गेलास."

अण्णांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं.

"रोज बघायचो मी हितनं," नाना म्हणाले. "क्रेट डोक्यावर घेऊन तू लांबनं चाललेला दिसायचास. रोज म्हणायचो, आज तरी भांडायला येईल."